कासवाच्या दलदलीबाबत खुलासा

अनसिंग, मंगळवार

कामरगाव मुक्कामी श्री. जगदेवराव यांस तुमचे भाऊजी जानराव यांचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला एव्हाना थांबला असावा. तुमच्या बहिणीची तब्येत मात्र विचारत नाही. ती सहा दिवसांपासून तुमच्याकडे आहे, म्हणजे ठणठणीतच असणार. आणि एक गोष्ट आधीच लिहून टाकतो: मी तिला न्यायला येणार नाही. चूक माझी नाही.

तिने काय काय सांगितले असेल ते मला ठाऊक आहे. आता माझे ऐका. आमचा पवन नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना त्याचे दुकानातून आणलेले कासव माझ्या गळ्यात मारून गेला. "बाबा, त्याले दलदल लागते. हवा दमट ठेवजा, झाडं लावजा," एवढे सांगून पोरगा मोकळा. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला मी वायरमन, दलदलीला भितो की काय! म्हशीची सिमेंटची टाकी चौघांकडून समोरच्या खोलीत आणवली, चिखल भरला, खिडक्यांना प्लास्टिक ठोकले आणि कूलर दिवसभर चालू ठेवला.

आधी अळू लावले. "अळू खाजते, कायले लावता?" असे तुमची बहीण म्हणाली होती, हे मी नाकारत नाही. (कासव म्हणजे काही माणूस नव्हे, असे माझे म्हणणे होते.) कासवाने एक पान खाल्ले आणि दिवसभर तोंड उघडे ठेवून टाकीच्या भिंतीला घासत बसले. मी माणुसकी म्हणून त्याच्या तोंडाला चिंचेचा कोळ लावायला गेलो, तर ते माझ्या बोटाला डसले. मग तलावातून जलपर्णी आणली. तिच्यासोबत एक जळू आली, आणि ती नेमकी शेजारच्या गोजराबाईंच्या पायाला लागली. (त्या कासवाला हळदकुंकू वाहायला आल्या होत्या, मी बोलावले नव्हते.) जलपर्णी कासवाने दोन दिवसांत फस्त केली. शेवटी वेखंड लावला. त्याच्या उग्र वासाने कासव तोंड लावेना, आणि वेखंड हातभर वाढला. झाडाची निवड अशी करतात, जगदेवराव!

आता दमट हवेचे म्हणाल, तर काड्यापेटी पेटेना, हे खरे आहे. वर्षभरासाठी वाळवून ठेवलेल्या कुरड्या आणि सरगुंडे यांना हिरवी बुरशी आली, हेही खरे आहे. पण मी काय मुद्दाम केले? तुमची बहीण डबे माझ्यासमोर उपडे करून म्हणाली, "या घरात एकतर हे कासव राहीन, नाईतर मी!" मी म्हणालो, कासव कुठे जाणार, त्याला माहेर नाही. एवढ्यावरून तिने पिशवी भरली. जाताना तिला दार आपटायचे होते, पण दमटपणाने ते फुगलेले, लागेचना. शेवटी मीच आतून ओढून घेतले. याला भांडण म्हणायचे की सहकार्य, तुम्हीच सांगा.

घरात मी मजेत आहे. स्वयंपाक येतो. (भात येतो.) माफी मागण्याचा प्रश्नच नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
जानराव

ता. क. : वेखंड चार दिवसांपासून पिवळा पडत आहे. गोजराबाई म्हणतात की तुमची बहीण रोज माझ्या नकळत त्याला तांदळाचे धुवण घालत असे. किती घालायचे, ते तिला सहज विचारून ठेवा. मी विचारले असे सांगू नका.

ता. क. दुसरा : हे पत्र पोस्टाने आलेले नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. मीच आणून तुमच्या हातात दिले आणि आता ओसरीवर बसलो आहे. तोंडाने हे सगळे बोलता आले नसते. पत्र जरा मोठ्याने वाचा, म्हणजे आत ऐकू जाईल. घरी करमत नाही, ही ओळ दोनदा वाचा. आणि प्यायला पाणी पाठवाल ते वहिनींच्या हातून पाठवू नका.