बहीण असल्याचा पुरावा

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, तेव्हा लिहायलाच बसले. निदान पत्रात तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस.

आधी इकडचं सांगते. आईचा गुडघा बराय, तक्रारी मात्र पूर्वीइतक्याच. माझं गाडी शिकवणं चालू आहे. सध्या एक निवृत्त मास्तर येतात. ब्रेक दाबायचा झाला की आधी मला विचारतात, ‘दाबू का?’ तोवर समोरचा माणूस जीव मुठीत धरून पळालेला असतो.

तुझ्याकडे येण्याच्या व्हिसाच्या मुलाखतीचं त्या दिवशी फोनवर रडत रडत सांगितलं, ते अर्धवटच होतं. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं, किडनी कोणाला देणार? म्हटलं, बहिणीला. त्यानं आपले फोटो शेजारी शेजारी धरले. तू ताडमाड, मी ही अशी. आयांची नावं वेगळी कशी, म्हणाला. मी सांगितलं, ताई तान्ही असताना तिची आई गेली, मग बाबांनी माझ्या आईशी लग्न केलं. ‘म्हणजे सावत्र,’ तो म्हणाला. ताई गं, आपल्या घरात तो शब्द कधी कोणी उच्चारला होता? ‘हो’ म्हणायला जीभच वळेना. तेवढ्यावरून त्यानं ठरवलं, ही बाई खोटं बोलतेय. मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘सावत्र बहिणीला कोण किडनी देतं? किती मिळणार आहेत?’ डॉक्टरांचे रिपोर्ट पुढे केले, ते त्यानं न उघडता परत ढकलले. अर्ज नामंजूर. बाहेर येऊन गाडीत बसले, तर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या मला किल्ली लावता येईना.

पुढचं तुला माहीत नाही. मी लेखी तक्रार केली आणि त्यांनी पुन्हा बोलावलं. आई हट्टानं बरोबर आली. या वेळी त्याच्या वरच्या बाई होत्या, तो शेजारी बसलेला. बाईंनी फोटो दाखवून आईला विचारलं, यातली तुमची मुलगी कोणती? आई म्हणाली, ‘दोन्ही. थोरली मला तयार मिळाली, धाकटी करावी लागली. त्रास म्हणाल तर धाकटीनंच जास्त दिला.’ बाई हसल्या आणि रिपोर्ट शेवटपर्यंत वाचले. तो टेबलावरची पेनं सरळ करत बसला होता. माफी राहिली बाजूला, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. आत एवढी ताठ बसलेली आई बाहेर येताच जिन्यात मटकन खाली बसली. म्हणाली, ‘एवढी वर्षं तिची आई आहे मी. आता ते सिद्ध करायचं?’

व्हिसा मिळाला, ताई. काल पासपोर्ट हातात आला. तेच सांगायला फोन केला, तर भावजींनी उचलला. म्हणाले, तू डॉक्टरांना नकार कळवलास. ‘ती माझी सावत्र बहीण आहे, तिच्याकडून एवढं घ्यायचा मला हक्क नाही,’ असं सांगितलंस.

त्या माणसाच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा मला राग आला होता. तुझ्या तोंडून आला हे कळलं, तेव्हा हातातला पासपोर्ट कपाटात ठेवून दिला. आईला बोलले नाही, बोलणारही नाही. माझे हाल झाले म्हणून तुझा जीव तुटला असेल, हे मला समजतं. तुला ऑपरेशनची भीती वाटत असेल, तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण हे कारण मी ऐकून घेणार नाही. तिकीट काढलंय. उतरले की आधी तुझ्याकडे येईन, दवाखान्यात नंतर. नको म्हणायचं असेल तर समोर बसवून म्हण. मग मीही तिथेच बसून भांडेन, तू दमेपर्यंत. आणि भावजी सांगत होते, हल्ली तू फार लवकर दमतेस.

तुझीच,
बुटकी