व्हायोलिन वर जात नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आणखी दोन पेट्या आल्या! माणूस आत उभा राहील एवढ्या उंच. हमाल म्हणाला, "आजी, कपाटं कुठे ठेवू?" म्हटलं, "कपाटं असती तर जागा केली असती. स्पीकर आहेत. माझ्या साठीच्या लेकाची खेळणी."

आधीच्या पेट्यांना वर्षही झालं नाही. त्याच्या आधीच्या गेल्या, त्याच्या आधीच्याही गेल्या. "आई, वरचे सूर येत नव्हते गं त्यांतून. उशीखालून वाजल्यासारखं वाटायचं." मग उशी काढ की! पेटी कशाला काढतोस?

सून म्हणाली, "आई, आता बाहेरच्या खोलीत पाय कुठे ठेवायचा?" म्हटलं, पेटीवर ठेव.

नातीने ही वही दिलीय. "आजी, मनातलं सगळं यात लिहीत जा, म्हणजे घरात जरा शांतता राहील." लिहितेय. शांतता काही दिसत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळपासून टेप घेऊन पेट्या मोजतोय. भिंतीपासून दोन बोटं पुढे. मग एक बोट मागे. मग खुर्चीत बसून डोळे मिटायचे. मग पुन्हा उठायचं. टेपही माझीच, शिलाईच्या डब्यातली! मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. एवढी मापं मी नवरदेवाच्या सुटालाही घेतली नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

मंडळी आली. दर रविवारी येतात. मंडळी म्हणजे दोघंच — तारवाला आणि कुजबुज्या. तारवाला नेहमी पिशवीतून पेट्यांना जोडायची नवी तार काढतो. कुजबुज्या कायम कुणीतरी शेजारी निजलंय अशा बेताने बोलतो. तिघं ओळीने बसतात, डोळे मिटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं.

आजची तार मनगटाएवढी जाड. जोडली. व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. तारवाला एकदम ओरडला, "ऐकलंत? सगळं मोकळं झालं! हवा खेळायला लागली!"

म्हटलं, "मी खिडकी उघडली."

"नाही हो काकू, ही तारेची करामत."

मी खिडकी लावली. पाच मिनिटांनी तारवाला कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "जरा कोंदल्यासारखं... नवी तार आहे, रुळायला वेळ लागतो." पुन्हा उघडली. "रुळली!"

चहाचे कप उचलताना कुजबुज्या हळूच म्हणाला, "काकू, खिडकी राहू द्या उघडी." तेवढा एक शहाणा आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज एक गोष्ट पाहिली. लिहून ठेवते, कारण बोलून दाखवायची सोय नाही.

लेक पाणी प्यायला आला. फ्रिजचं दार अर्धवट राहिलं. ते उघडं राहिलं की बारीक ओरडतं — टीं टीं टीं — डोक्यात जातं अगदी. हा फ्रिजला टेकून उभा. आणि मला काय सांगतोय? "आई, या नव्या तारेने वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो!"

टीं टीं टीं.

बघू या म्हटलं. अख्खा पेला प्यायला. दुसरा भरून घेतला. शेवटी आतल्या खोलीतून नात ओरडली, "बाबा, फ्रिज!" तेव्हा दार लावलं.

दुपारी माझं गजराचं छोटं घड्याळ त्याच्या खुर्चीमागे ठेवलं. चिमणीसारखं किंचाळतं ते. हा पेपर वाचतोय, पान उलटतोय. मग मुद्दाम ओट्यावरून पातेलं पाडलं. लगेच — "आई, काय पडलं?"

म्हणजे बहिरा नाही. जाड आवाज येतात. बारीक तेवढे गेले. बत्तीस वर्षं छापखान्यात, त्या धडधडणाऱ्या यंत्राला खेटून उभा होता. दुसरं काय होणार?

आणि हा पेट्या बदलतोय!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हाक मारली. "आई, इथे बस. ऐक." स्वतःची खुर्ची दिली. त्या खुर्चीत सुनेला आजवर बसू दिलेलं नाही.

त्याची लाडकी रेकॉर्ड. लग्नाच्या आधीपासूनची. मी मऊ मलमलचं फडकं शिवून दिलं होतं ती पुसायला, अजून तेच वापरतो. शेवटी शेवटी व्हायोलिन वर चढत जातं, बारीक होत होत, सुईच्या नाकातून दोरा काढावा तसं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण दोरा कुठे आहे ते कळतं. आज स्पष्ट होता.

"ऐकलंस? वर जातच नाही आता. मध्येच संपतं. झिजली गं." मग फडकं घडी करत म्हणाला, "व्हायोलिनच्या सगळ्याच झिजल्यात. रविवारी देऊन टाकतो कुजबुज्याला."

अकरा रेकॉर्डी. ठणठणीत. आणि हा त्या घालवणार!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सांगायला हवं. रविवारच्या आत. सुनेला सांगावं तर ती आधी रडेल आणि मग फोन घेऊन बसेल, संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या नातेवाइकांना कळेल.

मी आयुष्यात कुणाला काही गुळात घोळून सांगितलं नाही. नवऱ्याला तोंडावर म्हटलं होतं, तुमचं हे दुकान चालणार नाही. नाही चाललं. शेजारणीच्या मुलीला म्हटलं, हा रंग तुला शोभत नाही. अजून बोलत नाही ती.

पण हे तोंडातून निघेना. दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा बाहेर आलं, "मोजे उचल." दुसऱ्यांदा, "बटण तुटलंय, शर्ट काढ."

बटण लावून दिलं. बटण तुटलेलं नव्हतं. मीच तोडलं आधी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

अकरा रेकॉर्डी टेबलावर. कुजबुज्या हात लावायला तयार नाही. "अहो, पण झिजल्या कशावरून?" लेकाने लावून दाखवली. व्हायोलिन चढलं, चढलं, तो बारीक धागा अगदी टोकाला गेला. कुजबुज्या तोंड उघडून म्हणाला, "अहो, मला तर—"

मी त्याच्याकडे पाहिलं. माझं ते पाहणं ज्याला माहीत आहे तो बोलत नाही. गिळलं त्याने.

तेवढ्यात लेक म्हणतो, "आईला विचारा. तिचे कान! मशीनची सुई बोथट झाली तर पलीकडच्या खोलीतून ओळखायची. आई, येतो का वरचा सूर?"

तिघं माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगावं तर चारचौघांत पोराचे कान उघडे पडतात. नाही सांगावं तर रेकॉर्डी जातात. रेकॉर्डी पुन्हा मागता येतील.

म्हटलं, "मला काही येत नाही. झिजली."

वाटलं, त्याला बरं वाटेल. तर त्याचा चेहरा पांढराफटक! माझ्याकडेच बघत राहिला.

कुजबुज्या पिशवी घेऊन निघाला. दारात म्हणाला, "काकू, रेकॉर्ड चांगली आहे."

"माहीत आहे मला. नीट सांभाळा. आणि त्या तारवाल्याच्या हातात देऊ नका."

सोमवार, १७ फेब्रुवारी

घ्या! खोटं बोलल्याचं फळ. "आई, बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. तुला बारीक आवाज येत नाहीत, मला काळजी वाटते."

मला! बारीक आवाज! माझ्या मनात काय काय आलं ते वहीतसुद्धा लिहिण्यासारखं नाही.

घरात सगळ्यांना कळलंय. जो तो माझ्या कानाशी येऊन ओरडतोय. सून म्हणाली, "आई, चहा घेणार का?" पलीकडची शेजारीण खिडकीतून म्हणाली, "नको हो, आत्ताच झाला!"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नात सांगत होती — काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. ठरवलंय. दाबायचंच नाही. बसवू देत माझ्या कानात यंत्र. आईने घातलं म्हटल्यावर उद्या तोही घालेल. लहानपणी औषध असंच पाजावं लागायचं, आधी मी तोंड वाकडं करून प्यायचं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दाबलं. पहिले दोन सोडले, मग एकेक आवाजाला दाबलं. समोर काचेपलीकडे कान तपासणारी चिमुरडी पोरगी मान हलवून माझी कीव करायला लागली, ते काही मला बघवेना.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, या वयात असे कान मी पाहिले नाहीत!" मग माझ्या डोक्यावरून लेकाला म्हणाल्या, "आणि तुमचं काय? यंत्र वापरताय की अजून कपाटातच? दोन वर्षं झाली."

म्हणजे ह्याला ठाऊक होतं. पेट्या, तारा, झिजलेल्या रेकॉर्डी — सगळं ठाऊक असून.

बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. माझं खोटं त्याला कळलेलं, त्याचं मला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, ते शेवटी वर कसं जातं गं?"

कसं सांगणार! गुणगुणून दाखवलं. तेवढ्या वर माझा गळा कुठला जायला — खालीच, माझ्या जाड्याभरड्या आवाजात. भर बसमध्ये. पुढची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

तो म्हणाला, "पुन्हा."