मधली भिंत

आत्ती,

आज सकाळी घरी इंटिरिअर करणारी एक मुलगी येऊन गेली. तुमच्या मुलाने बोलावली होती. हातात टेप, पिशवीत ग्रॅनाइटचे आणि सनमायकाचे तुकडे. तिने ओटा पाहिला, ट्रॉल्या ओढून पाहिल्या आणि मग स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करून म्हणाली, "ही काढली की घर एकदम मोकळं होईल, काकू. आता बंद किचन कुणी ठेवत नाही. इथं काउंटर, वर लाइट, समोर उंच स्टुलं. स्वयंपाक करता करता पाहुण्यांशी बोलता येईल." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांना माहीत होतं. "भिंत सोडून काय ते बोला," मी म्हणाले. ती हसली, ह्यांनी मान हलवली आणि आम्ही चिमणीकडे वळलो. पण ती गेल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि या भिंतीबद्दल आपण दोघी एकमेकींशी कधी धड बोललोच नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी लग्न करून मंगळवार पेठेत आले तेव्हा तुमचं स्वयंपाकघर म्हणजे एक काळोखी खोली होती. कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी, भांड्यांची मांडणी, आणि मागच्या बोळात उघडणारं एक बुटकं दार. हॉलच्या बाजूचं दार मात्र जाड सागवानी, त्याला आतून कडी. दुपारी तुम्ही ती कडी घालायचात. मला वाटायचं, अंमळ आडव्या होत असाल. मी शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे त्या दुपारी सुट्टीच्या दिवशीच काय त्या दिसायच्या, त्याही दाराबाहेरून. तुम्ही गडहिंग्लजच्याही खालच्या बाजूच्या, बोलणं गड्यासारखं, "मी जातो, मी करतो." मला, वडगावच्या पोरीला, सुरुवातीला त्याची भीती वाटायची. रागावलात की काय, हे कळायचंच नाही.

नव्वदचं दशक सरत आलं आणि पेठेत घरोघरी स्वयंपाकघरं फोडायची लाट आली. कडाप्पा काढून ग्रॅनाइट, मांडणी मोडीत घालून ट्रॉल्या, भिंतीवर छतापर्यंत टाइल्स. ज्यांच्याकडे जागा होती ते हॉल आणि किचन एक करत होते. ह्यांनी एका मित्राच्या नव्या फ्लॅटमध्ये तसं पाहिलं आणि घरी विषय काढला. मामांना ते लगेच पटलं. सासऱ्यांना मी मामाच म्हणते, हे तुम्हाला काय सांगायचं. आणि मामांना एखादी गोष्ट पटली की ती झाल्यात जमा असायची. त्या दिवशी तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत होतात. मान वर न करता म्हणालात, "भित पाडायची न्हाय."

"का न्हाय?" मामा म्हणाले.

"न्हाय म्हंजे न्हाय."

"अगं पर कारण काय हाय का न्हाय त्याला?"

तुम्ही भाकरी निखाऱ्यावर टाकावी तशी गॅसवर टाकलीत आणि ती फुगेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिलात. त्या दिवसापासून मामा तुमच्याशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तरी "सूनबाई, मीठ" म्हणायचे, वाडगा तुमच्या हाताशी असला तरी. शेवटी ठरलं ते मामांच्याच मनासारखं. गवंड्याने आधी ओटा आणि टाइल्स करायच्या, आणि सगळ्यात शेवटी भिंत पाडायची. त्यानंतर तुम्हाला धड जेवताना मी पाहिलं नाही.

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटून मी घरी येते, तर पुढच्या दारात फरशीवाला कटरवर टाइल्स कापतोय, कानठळ्या बसवणारा आवाज, घरभर पांढरी धूळ. मामा हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेत. स्वयंपाकघराचं सागवानी दार रंधा मारायला उतरवून बाहेर टेकवून ठेवलंय आणि चौकटीला धूळ अडवायला एक जुनी चादर बांधलीय. मी चादर उचलून आत जाते. तुम्ही ओट्याशी उभ्या आहात. आणि गॅसच्या सिलिंडरमागे, पाटावर, पलीकडच्या घरातली सून गुडघे पोटाशी घेऊन बसलीय. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मी तोंड उघडणार तोच तुम्ही हात वर केलात. "बोलू नगंस."

ती घाबरली होती, पण नवखी वाटत नव्हती. पाट कुठे असतो, पाठ कुठे टेकायची, हे तिला ठाऊक होतं. तुमच्या दुपारच्या कडीचा अर्थ मला त्या क्षणी कळला. बोळातल्या दाराने आत यायचं, मधलं दार लावून घ्यायचं, आणि घरच्या माणसांचे राग उतरेपर्यंत इथे बसायचं. ती एकटीच यायची की आणखी कुणी, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "काका, आमची हिकडं आल्याय काय?"

तिचा नवरा. मामांच्या मित्राचा मुलगा, गल्लीच्या मंडळात पुढेपुढे करणारा, रोज आमच्याकडे पेपर वाचायला येऊन बसणारा. मामा म्हणाले, "न्हाय बा. बस की." आणि तो बसला. चादर खालून वीतभर तोकडी होती. घरभर धूळ म्हणून त्या दिवसांत कुणी चपला काढत नव्हतं. चादरीखालून मला त्याची पायताणं दिसत होती, टाच हलत होती. कटर चालू होता तोवर निदान श्वास घेता येत होता. मग कटर थांबला. फरशीवाला जेवायला गेला असणार. घर एकदम गप्प झालं आणि त्या मुलीला खोकला आला.

धुळीचाच खोकला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. तुम्ही ओट्यावरच्या मिक्सरचं बटण दाबलंत. भांडं रिकामं होतं. रिकामा मिक्सर घरभर किंचाळत राहिला आणि तुम्ही चादरीकडे बघत उभ्या राहिलात, एक हात झाकणावर, जणू आत खरोखरच काही वाटलं जातंय. तिचा खोकला ओसरल्यावरच तुम्ही तो बंद केलात.

"कसलं वाटाण चाललंय काकू?" बाहेरून तो म्हणाला. "जरा पानी द्या की."

तुम्ही मला डोळ्यांनी खुणावलंत. मी तांब्या-भांडं घेऊन बाहेर गेले. भांडं मी त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवलं. तो पाणी प्यायला, पण नजर चादरीवर. मग उठला. "आत काम कुठवर आलंय बगू की. मलाबी ओटा करायचाय." तो चादरीपासून दोन हातांवर होता. मी मध्ये उभी होते.

मामांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "काय बगतोस? गिलावा वला हाय आत. हात लागंल."

"लांबनं बगतो की."

"वला हाय म्हनलं न्हवं." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिथेच ठेवला, आणि त्याला दाराकडे वळवलं. "चल, च्या घिऊन यिऊ." दोघं गेले. त्या दिवशी आत ओलं असं काहीच नव्हतं. गिलावा केव्हाच वाळला होता. पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

पुढचं सगळं तुम्ही झरझर केलंत. तिच्या अंगावर तुमची शाल, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. बोळाच्या तोंडाशी रिक्षा बोलावून तिला एसटी स्टँडवर पाठवलंत. तिचा भाऊ इचलकरंजीत मागावर कामाला होता. "भावाला समदं सांग. लपवू नगंस. आनि हितं परत यिऊ नगंस," एवढंच तुम्ही तिला म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "कळलं न्हवं?" "कळलं," मी म्हणाले. या विषयावर तुमचं-माझं जे काही बोलणं झालं ते एवढंच.

संध्याकाळी जेवताना मामांनी ह्यांना सांगितलं, "सोमवारी भित काढायला सांग." आणि मी बोलले. लग्न झाल्यापासून मी मामांना उलट उत्तर दिलेलं नव्हतं. "मामा, भिंत नको. मला उघड्यावर स्वयंपाक जमायचा नाही. मटणाचा वास घरभर, आलेल्या माणसांपुढे घाम पुसत उभं राहायचं. पुढे मलाच तिथे उभं राहायचंय." ह्यांचा घास हातातच राहिला. मामा काही बोलण्याआधी तुम्ही कडाडलात, "मोठ्याम्होरं आसं बोलत्यात व्हय? वडगावात हेच शिकवलं काय? गप जेव." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही मला वाचवताय हे कळत होतं, तरी आलं. कारण आवाज खरा होता. आणि माझ्या ताटात तुम्ही न विचारता आणखी एक डाव रस्सा ओतलात. मामा हात धुऊन आले आणि टॉवेलला हात पुसत म्हणाले, "सून म्हनत्या तर ऱ्हाऊ दे." एवढ्यावर ते मिटलं. मला वाटलं, तुमच्या ओरडण्याने त्यांचा मान राहिला, म्हणून ते निवळले.

ती मुलगी परत आली नाही. तिच्या नवऱ्याने खूप आदळआपट केली, इचलकरंजीला जाऊन भावाच्या दारात दंगा केला. भावाच्या शेडमधली माणसं पाळी सोडून बाहेर आली आणि हा मुकाट्याने परतला, असं गल्लीत सांगत होते. तुम्ही गेलात तेव्हा ती आली होती. बोळातच उभी राहिली, आत आली नाही. आता ती तिकडे एका कारखान्यात शर्टांची शिलाई करते. तुमच्यानंतरही बोळाचं दार वाजलंय, आत्ती. फार वेळा नाही. मी उघडलंय.

आता तुम्हाला न कळलेली गोष्ट सांगते. मामा आता थकलेत, फारसे बोलत नाहीत. गेल्या महिन्यात चहा पिता पिता एकदम म्हणाले, "ती पोरगी कुटं असती आता?" "कुठली पोरगी, मामा?" मी विचारलं. ते कपात बघत म्हणाले, "आसू दे." म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी तरी नक्की, कदाचित आधीपासूनही. तरी त्याच संध्याकाळी भिंत काढायला का सांगितलं, मानापोटी की कुणी अडवावं म्हणून, ते मला कळत नाही. एका घरात राहून तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत आणि त्यांनी, माहीत असल्याचं, तुमच्यापासून. मला त्यांच्याबद्दल माया वाटायला हवी, आणि वाटतेही. पण राग त्याहून जास्त येतो. मामा, माहीत होतं तर त्या माणसाला रोज शेजारी बसवून पेपर का वाचायला दिलात? त्याला एक शब्द का विचारला नाहीत? गिलावा ओला आहे, एवढंच तुम्हाला बोलता आलं? हे मी त्यांना विचारलं नाही. आणि त्यांनी विचारलेल्याचं उत्तरही दिलं नाही. तुमचं गुपित मी राखलं की त्यांना शिक्षा केली, ते माझं मलाच कळत नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. ह्यांना यातलं अजून काहीच ठाऊक नाही. ते सगळ्यांना सांगतात, आमच्या हिला जुनी वळणं सुटत नाहीत. सांगू देत. तुम्हाला मात्र एक सांगून टाकते. त्या संध्याकाळी मामांपुढे मी बोलले ते सगळं खोटं होतं. मित्राचा तो फ्लॅट बघायला मीही गेले होते, आणि परत येताना स्कूटरवर मीच ह्यांच्या कानाशी लागले होते, आपणही भिंत काढू या म्हणून. मला ते उघडं स्वयंपाकघर फार आवडलं होतं. आज ती इंटिरिअरवाली मुलगी बोलत होती, तेव्हाही आवडलं.