गोळ्यांच्या खोक्यावरून माझा चेहरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अधिकारी,
औषध परवाने व जाहिरात तपासणी विभाग,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: निवृत्त टपाल वर्गवारी कर्मचारी, वय ७१ वर्षे, राहणार जुनी टपाल वसाहत, खोली क्र. ७.

विषय: गिंकोच्या गोळ्यांचे खोके व दुकानांतील फलक यांवर छापलेला माझा हसरा चेहरा तात्काळ काढून टाकण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे दिनांक ९ चे पत्र, जे मी सोबत परत करीत आहे.

महोदय,

उपरोक्त विषयाबाबत हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन कोणी पूर्ण वाचले नसावेत, म्हणून घडले ते पुन्हा क्रमाने लिहितो.

मी टपाल खात्यात एकतीस वर्षे पत्रांची वर्गवारी केली. गेल्या वर्षी घरातील गॅस दोनदा चालू राहिला. आपले डोके चालेनासे झाले की काय, या भीतीने मी वसाहतीच्या सभागृहात भरलेल्या मोफत स्मरणशक्ती तपासणी शिबिरात गेलो. तेथे पांढरा कोट घातलेला एक इसम होता. तो डॉक्टर नसून गोळ्यांच्या कंपनीचा विक्रेता होता, हे मला नंतर कळले. गिंको हे पंख्यासारख्या पानांचे फार पुरातन झाड आहे, त्याच्या पानांचा अर्क मेंदूकडे रक्त खेळवतो, असे त्याने सांगितले. वर म्हणाला, "काका, पाल्याचं औषध. पाल्यानं कधी कुणाला काय झालंय?" एवढे बोलून त्याने स्वतःच्या बोटांनी माझ्या तोंडात गोळी घातली. त्या बोटांना केसांच्या तेलाचा वास येत होता. तो वास आजही गिळताना आठवतो.

नंतर मला पंख्याखाली बसवून त्याने विचारले, "कसं वाटतंय?" बाहेर अंगाची लाही होत होती. मी म्हणालो, "फार बरं वाटतंय." त्याच क्षणी फोटो काढण्यात आला. एका कागदावर सही घेण्यात आली. चष्मा घरी राहिला होता, तरी मी सही केली. ही चूक माझी आहे व ती मी नाकारत नाही.

मी एकूण अकरा गोळ्या घेतल्या. डोके दुखू लागले, पोट बिघडले, म्हणून उरलेल्या केराच्या डब्यात टाकल्या. पुढे शेगडी दुरुस्त करणाऱ्याने गॅसचे बटणच ढिले असल्याचे दाखवले. म्हणजे विसरभोळी शेगडी होती, मी नव्हतो.

दोन महिन्यांनी चौकातील औषधांच्या दुकानात साडेतीन फूट उंचीचा माझा चेहरा लागला. खाली मजकूर: 'माझी स्मरणशक्ती परत आली! एक समाधानी आजोबा.' तोंड उघडे, खालची कवळी सुटलेली. लाज वाटते, पण कबूल करतो की तेव्हा मला बरे वाटले होते. पत्नीला मुद्दाम दाखवायला घेऊन गेलो. ती फलकाच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "यात तुम्ही हसताय की ओकताय?" मी तिच्यावर रागावलो. तेव्हाच फलक उतरवायला लावला असता, तर पुढचे टळले असते.

माझी थोरली बहीण वय ७६, शाळांचे गणवेश शिवण्यात तिचा जन्म गेला. ती तिच्या लेकीकडे, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असल्याने ती रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. तिने तो फलक पाहिला, खोके आणले आणि सहा आठवडे दिवसातून दोनदा गिंको घेतला. लेकीला सांगितले नाही, डॉक्टरांना सांगितले नाही. दाढ काढायची वेळ आली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी विचारले, "आणखी कुठली औषधं?" ताईने बाकी सगळी सांगितली, ही सांगितली नाही. तिच्या मते ते औषध नव्हतेच, पाला होता.

दाढ दुपारी काढली. संध्याकाळपर्यंत रक्त थांबेना. भाचीचा फोन आला म्हणून मी धावत गेलो. ताई पलंगावर ताठ बसलेली, मांडीवर ॲल्युमिनियमचे घमेले, घमेल्यात काळपट गुठळ्या. कापसाचा बोळा बदलला की तो लगेच भिजत होता. चादर खराब झाली म्हणून ती लेकीची माफी मागत होती. मला पाहून भरल्या तोंडाने म्हणाली, "तुझा फोटो होता रे. मग आणखी कुणाला काय विचारायचं?"

महोदय, त्या घमेल्याची मला शिसारी आली नाही. माझी आली.

इस्पितळात टाके घातले, रक्त चढवले, नऊ दिवस ठेवून घेतले. ताई वाचली. तेथील डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावले, तेही लिहितो, कारण खोक्यावर त्यातले एक अक्षरही नाही. त्या म्हणाल्या, "गिंकोमुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर तो घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो." शस्त्रक्रिया किंवा दात काढण्यापूर्वी तो घेत असल्याचे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ज्यांना झटके येतात त्यांनी तो टाळावा. त्याच्या कच्च्या बिया तर विषारीच असतात. आणि स्मरणशक्ती? धडधाकट माणसाची त्याने वाढते, असा पुरावा नाही. विसरण्याचा आजार तो रोखतो का, हे हजारो वृद्धांना वर्षानुवर्षे देऊन पाहिले, रोखत नाही असेच दिसले. आजार आधीच जडलेल्यांपैकी काहींना थोडाफार उपयोग होत असावा, पण त्यावरही एकमत नाही. खोक्यावर मात्र लिहिले आहे: 'पूर्णतः नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य.' शेजारी मी, कवळीसकट.

मी पहिला अर्ज केला. आपल्या कार्यालयाने कळवले की हे औषध नसून आहारपूरक आहे, सबब अन्न विभागाकडे जावे. अन्न विभागाने कळवले की खोक्यावर स्मरणशक्ती परत आणण्याचा दावा आहे, सबब ते औषध आहे, आपल्याकडे जावे. मी दुसरा अर्ज केला. त्यात शिबिराची तारीख, गोळ्यांची संख्या, खोक्यावरील क्रमांक, सर्व दिले. त्यावर आपले दिनांक ९ चे पत्र आले: 'अर्जदाराने दिलेला तपशील पाहता अर्जदाराची स्मरणशक्ती उत्तम असल्याचे दिसून येते. सबब जाहिरातीतील दावा असत्य म्हणता येत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

कंपनीलाही या पत्राची प्रत गेली होती. कंपनीने ती मोठी करून, आपल्या गोल शिक्क्यासह, माझ्या चेहऱ्याशेजारी लावली. आता मी आजोबा राहिलो नाही, 'शासनमान्य आजोबा' झालो.

त्या दिवशी मी घरून बूटपॉलिशची डबी घेऊन गेलो आणि भर चौकात स्वतःच्या तोंडाला काळे फासले. दुकानदाराने तक्रार केली. ठाण्यातील हवालदारसाहेब बिचारे गोंधळले. "तोंड तुमचं," ते म्हणाले, "पण कागद त्यांचा." ताकीद देऊन त्यांनी मला सोडले. दुसऱ्या दिवशी फलक नवा. तीच कवळी.

परवा ताईच्या गोळ्या आणायला त्याच दुकानात जावे लागले. एका बाईंनी मला ओळखले. त्यांच्या हातात खोके होते. म्हणाल्या, "तुम्ही तेच ना हो आजोबा? आईला झटके येतात, विसरतेही फार. देऊ ना हे?" मी त्यांना वर लिहिलेले सर्व सांगितले. आईची असतील नसतील तेवढी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, म्हणालो. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फलकाकडे पाहिले आणि खोके परत ठेवले.

सबब विनंती की, माझा चेहरा सर्व खोक्यांवरून व फलकांवरून उतरवण्याचा आदेश द्यावा. त्या जागी वरील धोके छापावेत, आणि अक्षर माझ्या दातांइतके तरी मोठे असावे. आपले दिनांक ९ चे पत्र मागे घ्यावे. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच ते घमेले डोळ्यांपुढून जात नाही.

आपला, नाइलाजाने नम्र,
(सही)
निवृत्त टपाल वर्गवारी कर्मचारी
दिनांक: २३

सोबत: इस्पितळाच्या कागदांची प्रत; रिकामे खोके एक; आपलेच पत्र.

ता.क. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. परवापासून मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या दुकानासमोर, फलकाखाली, स्टुलावर बसतो. जो खोके घेतो त्याला आधी माझ्याशी बोलावे लागते. शिपायाने तेथेच आणून द्यावे. माझा चेहरा कोणता, हे विचारायची गरज पडणार नाही.