खंडेनवमीचं पाणी

१२ सप्टेंबर, शुक्रवार
टाकीला रंग आला! श्रावणात मेली ती कायमचीच, असं धरून चालले होते. आज घट्ट चहासारखी तपकिरी, आणि वास ओल्या मातीचा. आमचे ऑपरेटर रज्जाकभाई कठड्यापाशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, जनावरं जगली की ओ." हा माणूस उचगावातून रोज मोपेडवर पुढं म्हशीच्या शेणाचा डबा ठेवून यायचा. काळा, न खपणारा गूळ मी मार्केट यार्डातून आणायचे. शेणातून जंतू, गुळातून त्यांचं जेवण.

संध्याकाळी जाऊबाईंनी विचारलं, तू तिथं नेमकं करतेस काय? म्हटलं, शहराच्या मैलापाण्यात जंतू पाळते. ते घाण खातात, पाणी साफ होतं, मग नदीत सोडतो. उठून हात धुऊन आल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार
नवरात्र बसायच्या आत काहीतरी करायला हवं. गेल्या वर्षीही टाकी मेली होती, नेमकी खंडेनवमीला. धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्यांच्या गल्लीत त्या दिवशी पूजा, म्हणजे आदल्या रात्रीपासून अ‍ॅसिडचे हौद रिकामे करून घासायचे. सगळं जातं गटारात, आणि गटार येतं माझ्याकडं.

नियम आहे. स्वतः शुद्ध केल्याशिवाय कारखान्याचं पाणी सार्वजनिक गटारात सोडायचं नाही. जो सोडेल त्याचं कनेक्शन तोडायचं. स्वच्छ लिहिलंय.

ड्रेनेजच्या साहेबांकडं गेले. ते म्हणाले, "आमचं काम पायपाचं. पाण्यात काय हाय ते प्रदूषणवाले बघणार." तिथं गेले. ते म्हणाले, गटार त्यांचं, तोडायचा अधिकार त्यांचा, आम्ही फक्त कळवतो. दोघंही खोटं बोलत नव्हते, हे जास्त वाईट. दोन्हीकडं चहा मात्र झाला.

१९ सप्टेंबर, शुक्र.
साहेबांना घेऊन गल्लीत गेले. पहिलंच दुकान मल्लूआण्णांचं. वडिलांपासूनचा धंदा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं खणखणीत. मी नियम वाचून दाखवला. आण्णांनी हात जोडून ऐकून घेतला आणि म्हणाले, "तोडा की ताई. पन वरच्या अंगाची समदी घरं ह्याच पायपावर हायती. उद्या त्यांच्या संडासात पानी चढलं की कुनाकडं यायचं ते बी सांगून ठेवा."

साहेब खाली बघत चप्पल घासत राहिले.

मी म्हटलं, मग शुद्ध करायची टाकी बांधा. आण्णा दुकान दाखवायला लागले. हौद, मोटार, देव्हारा, आणि त्यांना स्वतःला उभं राहायला जागा. "हितं कुठं बसवू? डोक्यावर?" मी विचारलं, घाण पाणी गोळा करून शुद्ध करायला न्यायची गाडी येणार होती ना? "गाडी येनार म्हनत्यात. आमी बी वाट बगतोय."

शेवटी मीच म्हटलं, निदान एकदम सोडू नका. थोडं थोडं सोडा, माझ्या टाकीला झेपेल तेवढं. आण्णा लगेच म्हणाले, "अंबाबाईची शपथ." बाकीच्यांनीही माना हलवल्या. गल्लीभर सगळ्यांनी शब्द दिला.

परत येताना खूश होते. मूर्ख बाई.

२६ सप्टेंबर, शुक्र.
ललितापंचमी. टेंबलाईच्या जत्रेची गर्दी, रस्ते बंद, प्लांटवर उशिरा पोचले. टाकी ठणठणीत. मायक्रोस्कोपखाली ते घंटेसारखे जीव, देठावर डोलणारे. ते असले की समजायचं, घर सुखी आहे. र.भाईंना दाखवले. डोळा लावून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ह्येंनाच गूळ घालतोय व्हय आमी!"

१ ऑक्टोबर, बुध.
खंडेनवमी.

सकाळी आमचीही पूजा. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला र.भाई दरवर्षी स्वतः झेंडूचा हार ओवतात. मोटारींना हळदकुंकू, पान्यांना फुलं. नारळ फोडला. खोबरं वाटत होते तोवर र.भाई पाणी आत घेणाऱ्या गेटकडून ओरडले.

येणारं पाणी हिरवट. निळा लिटमस कागद बुडवला, लालभडक. डोळे चुरचुरायला लागले.

साहेबांना फोन. "आज सुट्टी हाय ओ मॅडम. दसरा करून घ्या, मग बगू."

गेट बंद केलं तर गावातल्या मॅनहोलमधून पाणी वर येणार. टाकी चुकवून बाजूच्या नाल्यानं काढलं तर ते तसंच नदीत. नदीवर पुढं नृसिंहवाडी. माझं माहेर. आत्ता घाटावर माणसं आंघोळीला उतरली असतील. आई असेल.

आम्ल मरावं म्हणून चुन्याची होती तेवढी पोती ओतली. मग टाकीकडं वळवायला सांगितलं. र.भाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि चाक फिरवलं.

दुपारपर्यंत पांढरा फेस. संध्याकाळी सडक्या अंड्याचा वास. मायक्रोस्कोपखाली नुसते देठ.

मी रडले. जंतूंसाठी रडणारी बाई. पण रडले.

२ ऑक्टो.
दसरा. ह्यांनी सोनं दिलं, मी दिलं. पुरणपोळी केली, जेवले नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
नमुना घ्यायला गल्लीत गेले, बाटल्या घेऊन, साहेबांसह. मल्लूआण्णांचा हौद आरशासारखा चकचकीत. काठावर हळदकुंकू, वर तोरण, आत नवं कोरं पाणी. कशाचा नमुना घेऊ? नळाच्या पाण्याचा?

मी जरा चिडूनच म्हटलं, आण्णा, शपथ घेतली होती ना?

"ताई, घेतलीती आन पाळली बी. मी दोन दिस थोडं थोडंच सोडलं. समद्यांनी थोडं थोडंच सोडलं." मग स्वतःच थांबले. "पन पूजा एकाच दिवशी की ओ समद्यांची."

मला हसू आलं. हसावं की काय करावं. माझ्या सांगण्याप्रमाणं प्रत्येकानं थोडंच सोडलं होतं.

त्यांच्या बायकोनं पेढे दिले. "देवीचा परसाद हाय, न्हाई म्हनू नगासा." खाल्ला. साहेबांनी दोन खाल्ले. निघताना मी म्हटलं, पुढच्या वेळी धुणार असाल तर आधी फोन तरी करा. काय म्हणून म्हटलं कोण जाणे. आण्णांनी तिथंच नंबर घेतला.

४ ऑक्टो.
प्लांट चालवणाऱ्या कंपनीचा निरोप. बाहेर पडणारं पाणी बिघडलंय, जबाबदार केमिस्ट म्हणून लेखी खुलासा द्या. पुन्हा झालं तर दुसरा माणूस बघू. खुलाशात काय लिहू? की नियम आहे, गल्ली आहे, अधिकारी आहेत, सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि टाकी मेलीय?

"अनपेक्षित आम्लयुक्त प्रवाह" असं लिहिलं. अनपेक्षित! पंचांगात छापलेला दिवस.

७ ऑक्टो., मंगळ.
शेण. गूळ. शेण. र.भाईंचा खांदा दुखतोय, तरी डबा आणतातच. रिक्षा करा म्हटलं तर म्हणाले, "रिक्षावाला शेन बघून पळतंय."

दुपारी आईचा फोन. दत्ताच्या दर्शनाला गेली होती. घाटावर पाण्याला वास येतोय, लोक बाटलीतलं पाणी डोक्यावर शिंपडून परत फिरतायत. मग ती म्हणाली, "तू हाईस की गं तितं. मग आसं कसं?"

टोमणा नव्हता. तिला खरंच वाटतं की मी असल्यावर असं होऊ नये. टोमणा असता तर बरं झालं असतं.

१४ ऑक्टो., मंगळ.
बरणीत गाळ खाली बसला, वरचं पाणी निवळ. टाकीला फिकट का होईना, रंग आहे. मायक्रोस्कोपखाली एक घंटा दिसली. एकच, पण डोलत होती. र.भाईंना हाक मारली, ते धावत आले, तोवर ती काचेवरून सरकली. "ऱ्हाऊ दे. तुमी बगितलीसा न्हवं," म्हणाले.

१७ ऑक्टो., शुक्र.
मल्लूआण्णांचा फोन. मोठ्यानं, आनंदात.

"ताई, फोन करा म्हनलातीसा म्हनून केला बगा. दिवाळी आली. उद्या धनतेरस, उद्याच समदी हौद धुनार. गल्लीतल्या समद्यांच्या वतीनं सांगतोय."

मी विचारलं, पुढं ढकलता येणार नाही?

"लक्ष्मीपूजनाला हौद घान कसा ठेवायचा ओ?"

किती वाजता?

"सकाळी धा पासनं."

बरं, म्हटलं. थँक्यू आण्णा.

फोन ठेवल्यावर कळलं, मी काय म्हटलं ते. आणि खोटंही नव्हतं. एवढ्या सगळ्यांत दिलेला शब्द पाळणारा तो एकटाच निघाला.

साहेबांना कळवलं. "अरे वा, आधी सांगितलं म्हंजे सुधारलेत," म्हणाले. खरंच आनंदले होते. प्रदूषणवाल्यांचा फोन उचललाच नाही कुणी.

दिवसभर र.भाई आणि मी टाकीतला जंतूंचा गाळ बादलीनं काढून पिंपात भरला. मावली तेवढी पिंपं ब्लोअरच्या खोलीत लावली. लेकीच्या माशांच्या टाकीचा पंप मागून आणला. "मासे मरतील ना आई." आजच्या दिवस हातानं ढवळ म्हटलं. पिंपात बुडबुडे यायला लागले. बाकी अख्खी टाकी बाहेर, उघड्यावर. तिच्यासाठी पिंप नाही.

र.भाई हात धूत म्हणाले, "कुनाला भरलं आन कुनाला सोडलं, त्येंना कळत आसंल का ओ?"



१८ ऑक्टो., शनि.
धनत्रयोदशी. उटणं आणायचं राहिलं, फराळाचं राहिलं, सकाळीच प्लांटवर. र.भाई माझ्याआधी हजर, शेणाचा डबा घेऊन. आज कशाला, विचारलं. "उद्या लागंल की."

गेटपाशी दोन खुर्च्या टाकून बसलोय. चुना संपलाय, मागणी दिलीय. खुलासा आजच लिहून ठेवावा का, असा विचार चाललाय. टाकी मात्र छान दिसतेय, चहाच्या रंगाची.

दहा वाजून गेले. कागद अजून निळा आहे.