पेशीच्या दिवशी हो म्हणा

जवाहरनगर,
जानेवारी १९८१

प्रिय सुजाताचे बाबा,

वकिलांच्या कागदावर तुमचं नाव मी आता न अडखळता लिहिते, पण पत्रात लिहायला हात धजत नाही. लग्नानंतर कधी नावाने हाक मारली नाही, आणि सुजाता झाल्यावर हेच नाव तोंडात बसलं. ती गेली तरी ते बदलता आलं नाही.

बाबुलालदादाकडे माझं ठीक चाललं आहे. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि मी. सकाळी फॅक्टरीच्या बसगाड्या निघून गेल्या की कॉलनी सुनी होते, मग मी शेजारणींचे ब्लाउज शिवायला घेते. वहिनी मनाने चांगली आहे, पण माझ्यासमोर ती आपल्या मुलांना जवळ घेत नाही. मी पाणी आणायला बाहेर गेले की घेते. आपल्याकडे एकोडीला धान घरात आलं असेल. आईंचे गुडघे कसे आहेत? एवढ्या थंडीत त्यांना तळ्यावर कपडे धुवायला जाऊ देऊ नका.

इथल्या बायका विचारतात, नवरा मारत होता का, पीत होता का, दुसरी ठेवली होती का. मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी लपवते आहे. वकिलांचाही विश्वास बसला नव्हता. भंडाऱ्याला त्यांच्या ऑफिसात माझ्यासाठी आलेला चहा तुम्ही बशीत ओतून, निववून माझ्यापुढे सरकवलात, तेव्हा ते आपल्या दोघांकडे बघतच राहिले. म्हणाले, भांडण काय आहे ते तरी सांगा. शेवटी त्यांनीच फारकतीच्या अर्जात लिहिलं की पटत नाही, आणि आपण त्याखाली सह्या केल्या.

सांगणार तरी काय होतो? आणीबाणीतले ते दिवस कुणाला कसे समजावून सांगायचे? तुम्हा मास्तर लोकांना वरून हुकूम होता, नसबंदीला माणसं आणा, नाही तर पगार थांबेल. बाकीचे पहाटेपासून गावोगाव फिरत. तुम्ही एकदाच गेलात, डोमाच्या घरी. तुम्हाला पाहताच तो मागच्या दाराने धानाच्या बांध्यांतून पळत सुटला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला म्हणालात, "ज्याच्या पोराले मी शिकवतो, त्यालेच पकडून नेऊ का? त्यापेक्षा मीच जातो." खरं तर तुमची पाळी नव्हती, आपल्याला एकच मुलगी होती. पण एक पुरे, तिलाच खूप शिकवायचं, असं आपलं आधीच बोलणं झालं होतं. मला तुमचा फार अभिमान वाटला होता. तो अजूनही तसाच आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

पुढच्या वर्षी सरकार बदललं, हुकूम बदलले, आणि भादव्यात सुजाताला ताप चढला. साकोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर गार झाली होती. त्यावर आपण कधी बोललो नाही. नंतर नागपूरला जाऊन तुम्ही नस पुन्हा जोडून घेतलीत, दोन वर्षं वाट पाहिली, उपयोग झाला नाही. शाळेतून आलात की तुम्ही दारातच थांबायचात, कुणी तरी धावत येईल म्हणून थांबल्यासारखे. मी चुलीकडे तोंड करून बसायची. मग एके दिवशी तुम्हीच बोललात, "तुले अजून पोरं होऊ शकते, वच्छला. तू कायले माह्यासंगं सुकून राहिली?" मी किती दिवस अबोला धरला होता. आई मात्र माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा बाई. माह्याच्यानं तुमा दोघाइले पाहवत नाही." त्या दिवशी मी ट्रंक भरली. तुम्हीच ती डोक्यावर घेऊन बसथांब्यापर्यंत आलात, आणि सगळं गाव बघत होतं.

आता स्थळाचं. बपेऱ्याच्या टेकचंदबद्दल दादाने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही स्वतः तुमसरला जाऊन चौकशी करून आलात, हे मला कळलं. माणूस चांगला आहे, वच्छलाचं घर भरेल, असा निरोप तुम्ही दादाजवळ दिलात. माणूस खरंच चांगला आहे. तुमसरच्या पोस्टात नोकरीला आहे. बायको वारली, तीन लहान मुलं आहेत. मागच्या रविवारी मला बघायला आले होते. निघताना दादा रिक्षा आणायला गेला, तेवढ्यात अंगणात उभे राहून मला म्हणाले, "लपवून ठेवत नाही. माहंही ऑपरेशन झालं आहे, आणीबाणीतच. पोराइले पाहाले घरात बाई पाहिजे, म्हणून लग्न करतो." मी म्हटलं, चालेल. दादाला हे अजून ठाऊक नाही.

हे तुम्हाला बाहेरून कळलं असतं, तर पेशीच्या दिवशी कोर्टात उभे राहून तुम्ही नाही म्हणाला असता. मी ओळखते तुम्हाला. जिच्या कुशीत मूल यावं म्हणून सोडलं, तिला मूल होणारच नसेल तर तिला का जाऊ द्यायचं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून मीच आधी लिहिते आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर मला तुमच्याबरोबर एकोडीला परत यावं लागेल. मी येईनही. पण त्या घरात समोरासमोर बसून जेवणं आता आपल्याच्याने होणार नाही. तुमच्यावर माझा राग नाही. राग असता तर कदाचित राहता आलं असतं. परक्याची मुलं मी वाढवीन, त्यांच्या तोंडावळ्यात मला कुणी दिसणार नाही. त्यात सुख आहे असं मी म्हणत नाही. जजसाहेब विचारतील तेव्हा माझ्याकडे बघू नका. खाली बघा, आणि हो म्हणा.

पेशीच्या दिवसापर्यंत
तुमचीच,
वच्छला