मशीन पाठवून दे

ताई,

सकाळच्या बसने निघाले. तुला उठवलं असतं तर पाय निघाला नसता.

दुपारी तुझा माजी मेहुणा माझं शिलाई मशीन आणून देईल. त्याला बोलू नकोस, चहा दे. मी समोर असते तर त्याने न बोलावताही मागोमाग गेले असते. मशीन पार्सलने पाठव. नव्या गावात सोमवारी माझं स्वतःचं दुकान उघडतेय.

तिथे कोण आहे, विचारत होतीस ना? दुकानासाठी कापड बेतायचं टेबल करून देणारा सुतार. चांगला माणूस आहे गं, आवडतो मला. काल फोनवर त्याच्याशी बोलताना माझ्या तोंडून नाव मात्र आधीच्या नवऱ्याचंच निघालं. तो एवढंच म्हणाला, "स्टँडवर येतो घ्यायला."

— धाकटी